शून्य कोठें धरावें?

आमचे धाकटे चिरंजीव सध्यां एका यंत्रशाळेंत उमेदवारी करीत आहेत. परवां सायंकाळीं ते घरीं परतले ते अगदीं उतरल्या चेहऱ्यानें. पोलादी पट्टीवर कडेपासून दर १६.६७ मिलिमीटरांस एक, अशीं दहा भोंकें मिलिंग यंत्रावर पाडावयाचीं होतीं. दहावें भोंक जागा सोडून पडलें व पट्टी भंगारांत गेली. "मी तर प्रत्येक अंतर नीट मोजलें होतें," एवढेंच ते म्हणत राहिले. पुष्कळ वाचकांच्या घरीं असे उमेदवार असतील, म्हणून चूक कोठें झाली तें येथें सांगतों.

कोणत्याही बिंदूची जागा अंकांनीं सांगतां येते, हा विचार फ्रेंच तत्त्ववेत्ते देकार्त यांनीं १६३७ सालीं आपल्या भूमितिग्रंथांत मांडला. उभ्या मिलिंग यंत्रावर डावी-उजवीकडचा तो एक्स अक्ष, पुढें-मागचा तो वाय, आणि कटर ज्या स्पिंडलावर फिरतो त्याच्या दिशेचा तो झेड. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी व मध्यमा परस्परांशीं काटकोनांत धरल्या कीं हे तीन अक्ष अनुक्रमें मिळतात. मेज सरकत असलें तरी गणित कटरच सरकतो असें धरून करावयाचें. म्हणून कटर उजवीकडे न्यावयाचा तर मेज डावीकडे सरकवावें लागतें. नवख्यास पहिली ठेंच येथेंच लागते.

चिरंजिवांस लागली ती दुसरी. हातचाकाच्या तबकडीवरील खुणा ०.०५ मिलिमीटरांच्या, त्यामुळें १६.६७ ऐवजीं त्यांनीं १६.६५ घेतले. चूक अवघी ०.०२ ची. परंतु प्रत्येक भोंक मागच्या भोंकापासून मोजल्यानें ती दहा वेळां सांचली आणि १६६.७० ऐवजीं १६६.५० वर भोंक पडलें. पट्टीच्या कडेस एकदांच शून्य धरून प्रत्येक अंतर तेथूनच मोजलें असतें, तर १६६.७० ही खूण तबकडीवर नेमकी सांपडती.

१९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें अंकांच्या आज्ञेवर चालणारें मिलिंग यंत्र लोकांस दाखविलें. आज तें काम संगणक करतो. 'जी ९०' अशी आज्ञा दिली तर तो शून्यापासून मोजतो, 'जी ९१' दिली तर मागच्या जागेपासून. पण शून्य कोठें धरावें, हें ठरविणें अद्यापि माणसाकडेच आहे.

त्या रात्रीं आम्ही चिरंजिवांस रागें भरलों नाहीं. जेवणें झाल्यावर त्यांनीं आपण होऊनच दहाही अंतरें कडेपासून मांडून काढलीं. सकाळीं कामावर जातांना तो कागद त्यांच्या खिशांत होता.