पेल्यावरची फ्रेंच झिलई

उन्हाळ्यातील अतिथिसत्काराचे मराठी घराचे वळण पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे प्रथम गूळपाणी, तो टेकल्यावर वेलदोडा-केशर घातलेले कैरीचे पन्हे, कोकणात असेल तर अमृतकोकम किंवा आगळाचे सरबत, देशावर असेल तर जिरे-कोथिंबीर लावलेला मठ्ठा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची तर ओळखच आंब्याची डाळ आणि पन्हे ही आहे. हे वळण मोडून टाका, असे उघडपणे कोणीही म्हणत नाही. तेवढे धैर्य कोणात नसते आणि त्याची आवश्यकताही नसते. मे महिना जवळ आला की रंगीत पुरवण्यांतून आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून एक गोड शिकवणी सुरू होते : घरच्या घरी फ्रेंच धर्तीची कॉकटेल्स कशी करावीत, त्यासाठी कोणते पेले आणावेत, पेल्याच्या काठावर लिंबाची साल कशी वळवून लावावी, गच्चीवर दिव्यांच्या माळा कशा सोडाव्यात. या शिकवणीत ‘दारू’ हा शब्द एकदाही येत नाही.

सगळी किमया त्या ‘फ्रेंच’ विशेषणाची आहे. ‘आज आमच्याकडे दारू प्यायला या’ असे निमंत्रण कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या सुशिक्षित कुटुंबाने शेजाऱ्यांना द्यायचे म्हटले तर जीभ अडखळेल. ‘समर इव्हिनिंग, फ्रेंच कॉकटेल्स’ म्हटले की तीच जीभ सफाईने चालते. राम गणेश गडकऱ्यांना ही युक्ती नेमकी कळली होती. ‘एकच प्याला’ 1919 मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील तळीरामाने आपल्या मद्यपी टोळक्याला गुत्ता म्हटले नाही. त्याने ‘आर्य मदिरा मंडळ’ असे भारदस्त नाव दिले. त्या काळी प्रतिष्ठेसाठी ‘आर्य’ शब्द उपयोगी पडला, आज ‘फ्रेंच’ पडतो. बाटली मात्र तीच आहे.

तेव्हा या विशेषणाचीच परीक्षा घेतलेली बरी. मुळात कॉकटेल हा प्रकार फ्रेंच नाही. या शब्दाची पहिली छापील व्याख्या 1806 मध्ये अमेरिकेतील एका नियतकालिकात आढळते. फ्रेंच म्हणून सर्वाधिक मिरवले जाणारे पेय म्हणजे ‘फ्रेंच 75’. त्याचे नाव ज्या पॅरिसमधील मद्यालयाशी जोडले जाते ते 1911 मध्ये टॉड स्लोन या अमेरिकन घोडेस्वाराने काढले, आणि त्यासाठी न्यूयॉर्कमधील एका बारचे लाकडी सामान उखडून जहाजाने आणवले. पुढे 1923 मध्ये ते हॅरी मॅकएलहोन या डंडी गावच्या स्कॉटिश गृहस्थाने विकत घेतले. त्या पेयाची आज चालणारी कृती प्रतिष्ठित केली ती लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या 1930 मधील पुस्तकाने. फ्रेंच असे त्यात शॅम्पेन आहे, आणि नाव आहे. ते नाव कशाचे? फ्रान्सच्या सैन्यातील 1897 सालच्या 75 मिलिमीटर तोफेचे. पहिल्या महायुद्धात जिने शत्रूच्या चिंधड्या उडवल्या, तिच्यासारखाच तडाखा देणारे पेय म्हणून हे नामकरण झाले. अतिथीच्या स्वागताला तोफ डागण्याची ही रीत ज्यांना नाजूक आणि सुसंस्कृत वाटते, त्यांनी निदान नावाचा अर्थ तरी विचारून घ्यायला हवा होता.

तोफेचा तडाखा आकड्यांतही मोजता येतो. प्रमाणित कृतीनुसार एका पेल्यात 30 मिलिलिटर जिन, 60 मिलिलिटर शॅम्पेन, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक. त्यातील शुद्ध मद्यार्क भरतो सुमारे 15 ग्रॅम. फ्रान्समधील आरोग्ययंत्रणा 10 ग्रॅम मद्यार्काला एक ‘प्रमाण पेला’ मानते आणि 2017 पासून तेथील नागरिकांना सांगते की दिवसाला दोनाहून अधिक नकोत, आठवड्याला दहाहून अधिक नकोत आणि आठवड्यातले काही दिवस पूर्ण कोरडे असावेत. म्हणजे घरच्या मेजवानीत ‘फ्रेंच 75’चे दोन पेले घेणाऱ्याने तीन प्रमाण पेले रिचवले, आणि फ्रान्सचीच मर्यादा ओलांडली. ही मोजमापे मापट्याने ओतणाऱ्यासाठी आहेत. घरचा उत्साही यजमान अंदाजाने ओततो, आणि लिंबू-साखरेने मद्याची कडवट चव झाकली गेल्यामुळे पिणाऱ्याला ते समजतही नाही. सरबताच्या रूपात दारू पाजणे हेच या कलेचे मर्म आहे. म्हणून तर ज्यांनी कधी प्यायलेली नाही अशांपुढे पहिल्यांदा हाच पेला सरकवला जातो.

आता जे खरोखर फ्रेंच आहे त्याकडे पाहू. बुर्गुन्य प्रांतातील दिजों शहरात काळ्या मनुकेसारखे दिसणारे ‘कॅसिस’ हे आंबट फळ पिकते. 1841 पासून तेथे त्याचा गोड मद्यार्क तयार होतो. त्याच प्रांतातील ‘अलिगोते’ या द्राक्षाच्या आंबटसर पांढऱ्या वाइनमध्ये तो मिसळला की होणारे पेय आज ‘किर’ या नावाने ओळखले जाते. फेलिक्स किर हे धर्मगुरू. जर्मन ताब्याच्या काळात ते प्रतिकाराच्या चळवळीत होते, 1945 पासून 1968 मध्ये निधन होईपर्यंत ते दिजोंचे महापौर राहिले. नगरभवनात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे ते आपल्या मातीतली दोन पिके एकाच पेल्यात ठेवत, आणि त्यांचे नाव त्या पेयाला चिकटले. पेयाबद्दल काहीही मत असो, महापौरांची वृत्ती मोठी नमुनेदार होती. बाहेरची चैन त्यांनी आणली नाही. गावच्या शेतकऱ्याने पिकवलेले त्यांनी जगापुढे ठेवले. फ्रेंचांचे अनुकरणच करायचे तर ते येथे करायला हवे होते. पण मराठी गच्चीवर काय येते? दिजोंचा कॅसिस, इंग्रजी जिन, शॅम्पेन. सिंधुदुर्गचा रातांबा, राजापूरची कैरी, नाशिकचे द्राक्ष यांना त्या ट्रेमध्ये जागा नाही. वाइनच्या प्रसाराने द्राक्षबागायतदाराचे भले होईल, असा युक्तिवाद 2022 च्या जानेवारीत मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याच्या निर्णयाच्या वेळी मोठ्या हिरिरीने केला गेला. फ्रेंच कॉकटेलच्या या हौसेतून निफाडच्या बागायतदाराच्या पदरात काय पडते, हे एकदा त्याच युक्तिवाद्यांनी सांगावे.

फ्रान्सच्या बाटलीचे वर्णन करणारे फ्रान्सच्या दुखण्याविषयी मौन पाळतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा नावाच्या किडीने तेथील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, वाइन महागली, आणि ‘आब्सांत’ नावाच्या हिरव्या, तीव्र मद्याने पॅरिसपासून खेड्यांपर्यंत घरे पोखरली. संध्याकाळच्या पिण्याच्या वेळेला ‘हिरवी वेळ’ असे काव्यमय नाव पडले होते (नावे देण्यात ते लोक पहिल्यापासून पटाईत). अखेर महायुद्ध चालू असताना, 16 मार्च 1915 च्या कायद्याने आब्सांतवर बंदी आली. तो कायदा 2011 पर्यंत पुस्तकात होता.

दुसऱ्या महायुद्धानंतरची स्थिती वाचून तर मराठी आई दचकेल. फ्रेंच शाळांच्या भोजनगृहांत मुलांच्या जेवणाबरोबर वाइन किंवा सिडर ठेवण्याची पद्धत होती. 1954 मध्ये पंतप्रधान झालेल्या पियेर मांदेस-फ्रान्स यांनी या व्यसनाविरुद्ध मोहीम उघडली, शाळांतून मुलांना दूध द्यायला लावले आणि स्वतः जाहीरपणे दुधाचा पेला हाती घेतला. त्यांची टिंगल झाली. फ्रान्सच्या पंतप्रधानाने दूध प्यावे ही गोष्ट अनेकांना राष्ट्रद्रोहासारखी वाटली. तरीही 1956 मध्ये चौदा वर्षांखालील मुलांसाठी शाळेतील मद्य बंद झाले, आणि मोठ्या विद्यार्थ्यांच्या शाळांतून ते हटायला 1981 उजाडले. एखाद्या समाजात व्यसन ‘संस्कृती’ म्हणून रुजले की ते मुलांच्या ताटापर्यंत पोहोचते आणि तेथून काढायला किती वर्षे लागतात, याचे हे मोजमाप आहे.

पुढे 10 जानेवारी 1991 चा कायदा आला. आरोग्यमंत्री क्लोद एव्हँ यांच्या नावाने तो ओळखला जातो. दूरचित्रवाणीवर आणि चित्रपटगृहांत मद्याची जाहिरात नाही, खेळांना मद्यकंपन्यांचे प्रायोजकत्व नाही, जेथे जाहिरातीला मुभा आहे तेथे आरोग्याचा इशारा सक्तीचा. त्यामुळे युरोपातील रग्बीची ‘हायनेकेन कप’ स्पर्धा फ्रान्समध्ये केवळ ‘एच कप’ या अर्ध्या नावाने खेळवावी लागली. भारतात 2000 सालापासून केबल वाहिन्यांवर मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे. तरी त्याच नावाचा सोडा, त्याच नावाच्या संगीताच्या तबकड्या आणि त्याच नावाचे पेले घराघरांत दिसत राहिले. घरगुती कॉकटेलची सचित्र शिकवणी ही त्याच वाटेची पुढची पायरी आहे. तीत जाहिरातदार दिसत नाही, दिसते ती हसतमुख यजमानीण.

फ्रान्सचे शासन काही संतांचे नाही. 2019 मध्ये तेथील आरोग्ययंत्रणेने मद्यविरहित महिन्याची सरकारी मोहीम आखली आणि द्राक्षबागायतदारांच्या हितसंबंधांपुढे ती गुंडाळली गेली. परंतु समाज शहाणा होत आला. 1960 च्या दशकाच्या आरंभी तेथील प्रौढ माणूस सरासरीने जेवढा मद्यार्क पीत होता त्याच्या निम्म्याहूनही कमी आज पितो. इतके करूनही 2015 या एका वर्षात मद्यामुळे झालेले मृत्यू तेथील अधिकृत अभ्यासाने सुमारे 41 हजार सांगितले आहेत. ज्या घरातून फ्रेंच माणूस हळूहळू बाहेर पडतो आहे, त्या घरात मराठी माणूस हौसेने, पेले विकत घेऊन, प्रवेश करतो आहे.

हवामानाची गोष्ट राहिली. फ्रान्समधील उन्हाळ्याची संध्याकाळ आणि नागपूर-अकोल्याची वैशाखातली संध्याकाळ यांत काही फरक असतो, एवढे भूगोलाचे ज्ञान शिकवणी देणाऱ्यांना असायला हरकत नव्हती. मद्याने शरीरातील पाणी राखणारे संप्रेरक दबते आणि प्यायलेल्यापेक्षा अधिक पाणी बाहेर जाते. भारताचे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उष्णतेच्या लाटेत मद्य टाळा असे बजावते, आणि त्याच सूचनेत काय प्यावे याची यादी देते : लस्सी, तांदळाची पेज, लिंबूपाणी, ताक. आजीच्या फडताळातली यादी सरकारी कागदावर आली आहे.

आणि खुद्द फ्रेंच कुटुंब उन्हाळ्याच्या दुपारी मुलाबाळांसह काय पिते? ‘मांत आ लो’, म्हणजे पुदिन्याचा पाक घातलेले गार पाणी. ‘सित्रों प्रेसे’, म्हणजे पेल्यात ताज्या लिंबाचा रस, शेजारी पाण्याचा चंबू आणि साखर. ज्याचे त्याने आपल्या चवीने कालवावे. ‘ओर्झा’, म्हणजे बदाम वाटून, संत्र्याच्या फुलांचे अर्क घालून केलेला पाक, आपल्या थंडाईचा दूरचा भाऊच. फ्रेंच उन्हाळा मांडायचीच हौस असेल तर यांतले काहीही पाचव्या इयत्तेतल्या मुलाच्या हातून पाहुण्यांना देता येते. पण ही पेये कोणी शिकवत नाही, कारण त्यांच्यामागे विकायला बाटली नाही.

कायद्याचा मुद्दा अनेकांना हास्यास्पद वाटतो, म्हणून तो थोडक्यात. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. सौम्य बिअर व वाइनसाठी वय 21, जिनसारख्या मद्यांसाठी 25. महाविद्यालयीन मुलाच्या वाढदिवशी कौतुकाने त्याच्यासाठी ‘फ्रेंच 75’ ढवळणारे वडील त्या मुलाला कोणता पहिला धडा देत आहेत, हे त्यांनीच पाहावे.

पुण्यात 1908 मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले होते. नंतरच्या काळात महाराष्ट्रातील खेड्यांत स्त्रियांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीवर शिक्के मारले. चतुर्थांश स्त्रियांनी मागणी करायची आणि निम्म्याहून अधिक मतांनी दुकान बंद करायचे, अशी ती तरतूद. धमक्या, पैसे, जातीपातीचे दबाव यांना तोंड देत, हातावर पोट असलेल्या बायकांनी दिवसाची मजुरी बुडवून या रांगा लावल्या. त्यांतल्या कित्येकींच्या लेकी आज शहरात धुण्याभांड्याची कामे करतात. मेजवानीच्या दुसऱ्या सकाळी त्या लांब दांड्याचे, नाजूक पेले विसळतात, आणि तळाशी उरलेल्या लिंबाच्या सालीसकट येणारा वास त्यांना ओळखीचा असतो.