घर घेताना दराबरोबर वेळही मोजा

१९९२-९३ च्या दंगलींनंतर दक्षिण मुंबईतील आपली अनेक कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडला गेली. धंदा मात्र मस्जिद बंदर, भेंडी बाजार, नळ बाजार येथेच राहिला. आज घर शोधणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी केवळ चौरस फुटाचा दर पाहून बयाणा देऊ नये, असे आम्हांला वाटते.

आधी रेल्वेचा मार्ग पाहावा. मुंब्र्याची धिमी लोकल थेट सँडहर्स्ट रोड व मस्जिद स्थानकाला येते. कुर्ल्याहून मध्य आणि हार्बर असे दोन्ही मार्ग मिळतात. मीरा रोडची गाडी चर्चगेटकडे जाते. चर्नी रोड वा मरीन लाइन्सला उतरून पुढे पेठ गाठावी लागते. गर्दीही हिशेबात धरावी. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून किमान चार प्रवासी दगावले.

पोरे झोपल्यावर घरी पोहोचणाऱ्या बापाला स्वस्त घरही महागच पडते. म्हणून सौद्यापूर्वी आठवडाभर, दुकान वाढवल्यावर, त्या वस्तीपर्यंत जाऊन पाहावे. शाळा, दवाखाना आणि पाणी यांची चौकशी घरातील बायकांना करू द्यावी. मगच बयाणा द्यावा.