न दिलेल्या मताची मोजणी



निवडणूक लागली की वस्तीतली पोरं येऊन एकच प्रश्न विचारतात. 'यंदा द्यायचं का नाही?' झेंडे बदलतात, गाड्यांवरचे भोंगे बदलतात, मतदानाच्या आदल्या रात्री जिन्यात वाटलं जातं ते मात्र बदलत नाही. एक म्हणतो, घरीच बसू. दुसरा म्हणतो, नोटा दाबू. दोघांनाही वाटतं की ही अक्कल आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. अरे बाबांनो, तुमच्या बापांनी हे करून पाहिलंय. इथंच, वरळी-नायगाव-परळच्या रस्त्यांवर. आणि त्याचं बिल रक्तानं चुकतं केलंय.

जानेवारी १९७४. मध्य मुंबईच्या लोकसभेच्या जागेची पोटनिवडणूक. काँग्रेसनं उभे केले बॅरिस्टर रामराव आदिक. हेच आदिक १९६६ साली शिवाजी पार्कवर शिवसेनेच्या पहिल्या दसरा मेळाव्याला व्यासपीठावर होते. त्यामुळे सेनेनं त्यांना पाठिंबा दिला यात नवल ते काय! वसंतराव नाईकांच्या राज्यात सेनेला लोक 'वसंतसेना' म्हणत, ते उगीच नव्हे. समोर कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, कॉम्रेड डांग्यांच्या कन्या. शिवाय जनसंघ आणि हिंदू महासभा होतीच. आणि आपले रिपब्लिकन पुढारी? त्यांतले बहुतेक काँग्रेसच्या गोठ्यात दावं बांधून घेऊन रवंथ करत होते. दलितांची मतं आपल्या खिशात आहेत या हिशेबानं ते सौद्याला बसत.

खिसा फाडला तो पँथरनं. १९७२ साली जन्मलेली ती संघटना. गावोगाव काय चाललं होतं? बावड्यात अख्ख्या दलित वस्तीवर बहिष्कार. इळयापेरुमल समितीचा अहवाल दिल्लीत धूळ खात पडलेला. पँथरनं सरळ सवाल टाकला : गावात आमच्यावर बहिष्कार घालता, मग आम्ही तुमच्या मतपेटीवर का घालू नये? मत कुणालाच नाही!

आज हे वाचायला सोपं वाटतं. त्या दिवसांत ते बोलायला छाती लागत होती. कारण हिशेब सगळ्यांना कळत होता. या मतदारसंघात गिरणगावातला कामगार एका बाजूला, सेना दुसऱ्या बाजूला, आणि काटा हलवणारी मतं आपली. ती पेटीत पडली नाहीत तर आदिक पडतात. म्हणजे 'कुणालाच नाही' या शब्दांचा अर्थ त्या निवडणुकीपुरता 'काँग्रेसला नाही' असाच होता. काँग्रेसला कळलं, सेनेला कळलं, पोलिसांनाही कळलं.

५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळीत आंबेडकर मैदानावर सभा झाली. राजा ढाले, नामदेव ढसाळ सभेला होते. दगड आले. मग पोलिसांच्या लाठ्या आल्या, आणि त्या दगड मारणाऱ्यांवर नाही, दगड खाणाऱ्यांवर आल्या. वरळीत बीडीडीच्या १२१ चाळी. एकेका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. दलित तिथं राहतात, सवर्ण कामगार तिथं राहतात, पोलिसांची कुटुंबंही तिथंच. नळ एक, जिना एक. ज्या शेजाऱ्याकडून सकाळी चहाला साखर आणली त्याच्याच गच्चीवरून संध्याकाळी सोडावॉटरची बाटली येते, ही ती दंगल. रमेश देवरुखकर पोलिसांच्या गोळीला बळी पडला. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला, परळमध्ये वरून टाकलेला दगड डोक्यात बसून भागवत जाधव गेला. दंगल वरळीवरून नायगावला गेली आणि महिनोन्‌महिने धुमसत राहिली. पुढं न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला. आयोग बसतात, नंतर ते उठतात.

आणि निकाल? आदिक पडले. रोझा देशपांडे निवडून आल्या.

इथंच खरी गोम आहे. काँग्रेस पडली हा विजय आपला, पण खासदारकी गेली कुणाच्या घरी? १९५२ आठवा. मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून बाबासाहेब उभे होते. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. कम्युनिस्टांनी 'मत कुजवा' असा प्रचार केला आणि हजारो मतं बाद झाली, असा अर्ज घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता न्यायाधिकरणात गेले. प्रतिवादींत नाव होतं श्रीपाद अमृत डांगे. अर्ज फेटाळला गेला. आणि बावीस वर्षांनी आपल्याच पोरांनी डोकी फोडून घेतली तेव्हा दिल्लीला गेली ती डांग्यांची लेक! इतिहासाला विनोदबुद्धी असावी, पण इतकी?

काहीजण यावरून पँथरला दोष देतात. भंडाऱ्याचा दाखला देतात. १९५४ च्या तिथल्या पोटनिवडणुकीत दुसरं मत कुजवा असं कार्यकर्ते सुचवत होते, बाबासाहेबांनी साफ नकार दिला. पडले, पण मत कुजवलं नाही. तेव्हा बहिष्कार म्हणजे बाबासाहेबांशी बेइमानी, असा युक्तिवाद. आम्हाला तो पटत नाही. कुजवणं हे बूथच्या आडोशाला, गुपचूप, दुसऱ्याच्या पायात पाय घालण्यासाठी. बहिष्कार भर मैदानात, नाव-गाव सांगून, का नाही ते सांगून. एक चोरी आहे, दुसरा संप.

पण संपाचीही एक रीत असते, ती गिरणगावाला शिकवायला नको. संपाआधी खात्याखात्यात विचारतात. उपासमारीत रेशन कुठून येणार ते बघतात. चौऱ्याहत्तरमध्ये आपली गफलत इथं झाली. घोषणा स्टेजवर झाली आणि मार खोल्यांवर पडला. रात्री दार कोण राखणार, पोरगा उचलून नेला तर जामीन कोण देणार, हे चाळीतल्या आयाबायांना कुणी विचारलं होतं? लाठी त्यांनीही खाल्ली. आठवणींच्या पुस्तकांत त्या दिसतात फार थोड्या.

आणि तरी तो बहिष्कार फुकट गेला असं आम्ही म्हणणार नाही. १९७७ साली याच दक्षिण-मध्य मुंबईतून, राखीव नसलेल्या जागेवरून, रिपब्लिकन बापू चंद्रसेन कांबळे लोकसभेत गेले. आपली मतं खिशातली नाहीत हे तीन वर्षांपूर्वी दाखवलं नसतं तर त्यांच्यामागं बाकीचे उभे राहिले असते का? आम्हाला तर शंका आहे.

नोटावाल्यांना एवढंच सांगायचंय. हे बटण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मिळालं. २०२२ च्या अंधेरी पूर्वच्या विधानसभा पोटनिवडणुकीत नोटा चक्क दुसरी आली, १२,८०६ मतं. काय झालं? निवडून येणारा आला, बाकीचे घरी गेले. ती मतं कुणाची, कशासाठी, कुणाला ठाऊक? चौऱ्याहत्तरच्या बहिष्काराला चेहरा होता. मागणी होती. म्हणून तर त्याच्यावर दगड पडले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मिळाल्या, बरं झालं; शंभर वर्षं १६० फुटांत काढली. पुढच्या निवडणुकीला उमेदवार लिफ्टनं वर येईल आणि किल्लीचं मोल मतात मागेल. तेव्हा द्यायचं का नाही हे ज्याचं त्यानं ठरवू नका. मजल्यामजल्यावर बैठक घ्या, बायकांना मागं बसवू नका, आणि नाही असं ठरलं तर का नाही ते कागदावर लिहून खाली दारावर चिकटवा. आणि पोरं पकडली गेली तर जामिनाला कोण उभं राहणार, त्यांची नावं त्याच रात्री पक्की करा.