सहाव्या दिवसाची कळ

उमरी, धर्माबाद, भोकर भागातल्या वाचक-डॉक्टरांच्या पत्रांत सध्या एकच तक्रार आहे. शहरात टॉन्सिलेक्टॉमी झालेला तिशीतला रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी येतो आणि सहाव्या दिवशी यांच्या दवाखान्यात बसलेला असतो. थुंकी गिळवत नाही, कान ठणकतो, झोप नाही. डिस्चार्ज कार्डावर वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ आणि खाली ‘पाच दिवस विश्रांती’.

हे कार्ड लहान मुलाचे आहे. त्यावर मोठ्या माणसाचे नाव घातले, एवढेच. प्रौढाची वेदना दहा ते चौदा दिवस राहते, खपली सुटू लागली की पुन्हा उसळते. दुय्यम रक्तस्रावाचा धोकाही साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसांतलाच. नेमके त्याच दिवसांत आपण त्याला कामावर धाडतो. एका शिक्षकाला वाढीव रजेसाठी ऑपरेशन केलेल्या सर्जनचीच सही आणायला सांगितले गेले. तोंड उघडवत नसताना तो गृहस्थ पुन्हा नांदेडच्या गाडीत बसला! पहिल्याच दिवशी चौदा दिवसांचे प्रमाणपत्र लिहायला कोणाची हरकत होती?

आणि ‘एसओएस’ कशासाठी? कळ चढल्यावर गोळी गिळायची कशी? पॅरासिटामॉल 1 ग्रॅम दर 6 तासांनी, झोपेतून उठवूनसुद्धा, दिवसाला 4 ग्रॅमच्या आत. वजन कमी किंवा यकृत अधू असेल तर त्याहून कमी. किडनी, अल्सर यांची अडचण नसेल तर जोडीला इबुप्रोफेन. रक्तस्रावाच्या धास्तीने ते टाळणाऱ्यांनी अमेरिकन कान-नाक-घसा अकादमीची 2019ची मार्गदर्शिका पाहावी. मुलांसाठीसुद्धा तिने या दोन्ही औषधांची शिफारस केली आहे. ट्रॅमाडॉल 2018मध्ये एनडीपीएस कायद्याखाली आले. त्याच्या भरवशावर तालुक्यातल्या रुग्णाला सोडू नये.

पत्रलेखकांनाही सांगणे आहे. फॉसातला पांढुरका थर पू नव्हे, अँटिबायोटिक बदलू नका. कानदुखी ग्लॉसोफॅरिंजियलची आहे, ड्रॉप्स कशाला? वरणात कुस्करलेली भाकरी खाऊ द्या. गिळणे थांबले की दुखणे वाढते. ताजे लाल रक्त थोडेसे दिसले आणि थांबले, तरी त्याच रात्री रुग्णाला पुढे पाठवा.

सर्जन मित्रांनो, उद्याच्या कार्डावर मराठीत एवढे लिहा: गोळ्यांच्या वेळा, चौदा दिवस रजा, रक्त आले तर कुठे जायचे, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर.