पैनगंगेकाठचा समुद्र सिमेंटात चालला, कायदा मात्र मसुद्यातच

परभणीत कुठंही विहीर खोदा, खाली काळा खडकच लागतो. तो लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. पण 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढं यवतमाळच्या वणीकडं गेली, की काळा खडक संपतो अन् चुनखडी लागते. ही चुनखडी म्हणजे शंभर कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचा गाळ.

त्या समुद्रात मासा नव्हता, शंख नव्हता. उथळ पाण्यात सूक्ष्म जीवांचा शेवाळासारखा चिकट थर असायचा. त्यावर गाळ बसायचा, जीव पुन्हा वर यायचे, पुन्हा गाळ. म्हणून दगड कापला की कापलेल्या कांद्यासारख्या रेषा दिसतात. याला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन हवेत आधी भरला तो असल्याच जीवांनी!

वणी, कोरपना, राजुरा भागात हीच चुनखडी खाणीतून निघते अन् तिचं सिमेंट होतं. खाणी बंद करा, असं कुणी म्हणणार नाही. घरकुलाला सिमेंट लागतंच, पोरांना कामही लागतं. मागणी आहे ती दोन-चार चांगल्या जागा राखायची. राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा इथं फॉस्फेटची मोठी खाण आहे, तरी तिथल्या स्ट्रोमॅटोलाइटला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला. मग आपल्याकडं का नको?

केंद्रानं डिसेंबर 2022 मध्ये भूवारसा जपण्याच्या कायद्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला होता. खाणपट्टा देताना असली जागा वगळायला लावणारा स्वतंत्र कायदा त्यातून अजून झालेला नाही.