अम्मीची हालचाल कोण मोजणार?

अब्बा-अम्मीच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलं की आपण सहज सांगतो, ‘रोज दहा हजार पावलं झाली पाहिजेत.’ हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून नव्हे, तर १९६५ मध्ये जपानात विकल्या गेलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत पावलांचा आकडाच नाही. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम, असं त्यात म्हटलं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घड्याळातला सेन्सर हाताच्या हेलकाव्यांवरून पावलं ओळखतो. वॉकर धरून सावकाश चालणाऱ्यांची बरीच पावलं त्यातून निसटतात. दिवसभराच्या फर्ज नमाजच्या १७ रकातींत ३४ सजदे होतात. नमाज इबादत आहे, व्यायाम नव्हे. पण जमिनीवरून उठायला मांड्यांत ताकद आणि अंगात तोल लागतोच. पावलांच्या आकड्यात हे दिसत नाही. पीठ मळणं, कपडे पिळणंही दिसत नाही. मशिदीत पायी जाणाऱ्या अब्बांचा आकडा वाढतो, घर सांभाळणाऱ्या अम्मीचा नाही.

म्हणून आठवडाभर घड्याळासोबत वही ठेवा. अम्मी किती वेळ चालल्या, किती वेळ बसून होत्या? खुर्चीतून हाताच्या आधाराशिवाय उठता येतं का? घराबाहेर पडल्या नाहीत, तर का? मोहल्ल्यातल्या वीस घरांची उत्तरं जमवा. मग फुटपाथ, बाक आणि बायकांना निर्धास्त फिरता येईल अशी बाग मागायला नगरसेवकाकडे रिकाम्या हाताने जावं लागणार नाही.