परवानाधारकांहून महाग

क्रेडिट कार्डाचे देणे एकरकमी फेडले, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा व्याज आले, हा अनुभव अनेक पगारदारांचा आहे. ही चूक नव्हे, रीतच आहे. ‘किमान देय’ रक्कम भरली की दंड टळतो, व्याज नव्हे. उलट बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून आकारणी सुरू होते. बिल निघाल्यापासून भरणा होईपर्यंतचे व्याज पुढल्या बिलात उगवते. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर! (चक्रवाढ शिकविताना असा दर आम्ही उदाहरणालाही घेतला नव्हता.)

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरील व्याज अनुचित व्यापारी प्रथा ठरविले. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर ठरविणे हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत. आणि रिझर्व्ह बँकेने मर्यादा बांधलेली नाही! महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराच्या दराला २०१४ च्या कायद्याने बांध घातला आहे, बँकेच्या कार्डाला नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीत एवढे सांगावे: फेडण्यापूर्वी त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह पूर्ण आकडा लेखी मागा, मग कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. थकबाकी नसताना कामकाजाच्या सात दिवसांत ते बंद झाले नाही, तर दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यावयाचे आहेत.